आपल्याकडची गोष्टही लिहा
बंदुकीच्या हिंसेवरच्या अमेरिकन किशोर कादंबऱ्यांवरचा लेख आवडला. त्यात जेसन रेनॉल्ड्सची 'लाँग वे डाउन' (२०१७) हवीच होती. भावाच्या खुनाचा बदला घ्यायला पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरलेला १५ वर्षांचा विल, आणि जवळजवळ सगळी कादंबरी त्या ६० सेकंदांची, तीही कवितेत! पण हे 'तिकडचं' म्हणून सोडू नका. मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून आलेले गावठी कट्टे चोपडा, जळगाव, धुळ्याकडे पकडल्याच्या बातम्या आम्ही कायम वाचतो. पोरं कट्टा हातात घेऊन रील टाकतात आणि खाली 'एकच नंबर भाऊ'! फार वाईट वाटतं. गोळी सुटल्यानंतरच्या घराची, अहिराणी बोलणाऱ्या पोराच्या तोंडून सांगितलेली कादंबरी कुणीतरी लिहाच. आमच्या शाळांच्या वाचनालयांत ती आधी पोचवा.