लसणाचा रस लावलेला लोहचुंबक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि धारदारही, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकत नाही. सोळाव्या शतकातल्या युरोपात, ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात, माणसाबद्दल काय कल्पना होती यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ल्यूथर आणि कॅल्व्हिन या रोमपासून फुटलेल्या सुधारकांनी माणसाला आरपार सडका ठरवलं, त्यावर मी रंगसफेदी केली. रोमने, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चने, माणूस मुळात चांगला मानला, हा खरा फरक मी पुसून टाकला. ‘पाप हे द्रव्य की आगंतुक गुण’, म्हणजे ते माणसाच्या घडणीतच आहे की बाहेरून चिकटलेलं, या शब्दच्छलात अर्धा लेख घालवला. ‘ट्युलिप’ची, म्हणजे कॅल्व्हिनपंथाच्या सिद्धान्तांची, पाच कलमं (पहिलं ‘संपूर्ण भ्रष्टता’) खुद्द कॅल्व्हिनच्या नावावर खपवली. आणि लेखाचं शीर्षक ‘माणूस मुळातच पापी’ असं हवं होतं.

ट्युलिपचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. कॅल्व्हिन १५६४ मध्ये वारला. पाच मुद्द्यांचा वाद डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये दिलेल्या निवेदनातून उभा राहिला आणि हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये त्याचा निकाल दिला. तिथला क्रमही वेगळा: पहिलं प्रकरण देवाच्या निवडीचं, आणि माणसाची भ्रष्टता थेट तिसऱ्या-चौथ्या जोडप्रकरणात. ट्युलिप ही आद्याक्षरांची जुळणी इंग्रजीतली आणि विसाव्या शतकातली. ते वाक्य लेखात दुरुस्त केलं आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मागे हटत नाही.

‘संपूर्ण भ्रष्टता’ या शब्दांत ‘संपूर्ण’वर बहुतेक जण घसरतात. बिघाड किती झाला याचं हे माप नाही, तो कुठवर पोचला याचं आहे. पातेलंभर दुधात मिठाचा खडा पडला की ते दुधाऐवजी मीठ होत नाही, पण पळी कुठल्याही बाजूने बुडवा, खारटच लागणार. कॅल्व्हिनचा रोख होता तो वासना तेवढ्या बिघडल्या आणि बुद्धी वर पंचासारखी शाबूत बसली आहे, असं मानणाऱ्यांवर. त्याच्या मते पंचही बिघडलेला. म्हणून पंचाला काहीच कळत नाही असं तो म्हणतो का? त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत दुसऱ्या भागाचं दुसरं प्रकरण उघडा. ख्रिस्ती नसलेल्या प्राचीन कायदेपंडितांचं, वैद्यांचं, गणितज्ञांचं तिथे तोंड भरून कौतुक आहे, आणि हे सत्य झिडकारणं म्हणजे पवित्र आत्म्याचा अपमान असं बजावलेलं आहे. त्याच भागाच्या पहिल्या प्रकरणात तो सांगतो की हा बिघाड जन्मापासून असला तरी मूळ घडणीतला नाही, बाहेरून आलेला आहे. आपल्याकडचे वैद्य ‘आगंतुक’ म्हणतात, अगदी तसा.

ल्यूथरने बुद्धीला ‘सैतानाची वेश्या’ म्हटलं हे खरंच आहे. जानेवारी १५४६ मधलं, विटेनबर्गचं त्याचं शेवटचं प्रवचन. पण त्याच माणसाने १५३६ मध्ये ‘माणूस’ या विषयावर चाळीस विधानं मांडली. त्यांत बुद्धी ही या जीवनातली सर्वश्रेष्ठ, जवळजवळ दैवी गोष्ट आहे आणि पतनानंतरही, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापानंतरही, देवाने तिचं हे वैभव काढून घेतलं नाही, असं साफ लिहिलं आहे. विसंगती वाटते, पण मानवतावादी विद्वान इरॅस्मसला १५२५ मध्ये दिलेल्या उत्तरात याची किल्ली आहे: माणसापेक्षा खालच्या गोष्टींत, म्हणजे घरदार, पैसाअडका यांत त्याची इच्छा मोकळी; वरच्या गोष्टींत, म्हणजे मुक्तीच्या बाबतीत, बांधलेली. शिवी पडते ती बुद्धी वरच्या मजल्यावर मालकी सांगू लागली की.

आता तो ‘शब्दच्छल’. ऑगस्ट १५६० मध्ये वायमारला ड्यूकसमोर येना विद्यापीठातले दोन प्राध्यापक वादाला बसले, दोघेही ल्यूथरपंथी. व्हिक्टोरिनस श्ट्रिगेल म्हणाला, पतित माणसाची इच्छा लसणाचा रस लावलेल्या लोहचुंबकासारखी आहे: लोखंड ओढत नाही, पण चुंबकपण आत शाबूत. (लसणाने चुंबक निकामी होतो ही जुनी समजूत. इटालियन अभ्यासक देल्ला पोर्ताने १५८९ मध्ये प्रयोग करून ती खोटी ठरवली. तोवर धर्मपंडितांचं काम भागलं होतं.) मग श्ट्रिगेलने डाव टाकला: मूळ पाप हे द्रव्य की आगंतुक गुण? आगंतुक म्हटलं की पाप वरवरचं ठरेल, या धास्तीने त्याचा प्रतिस्पर्धी मथियास फ्लाकियस म्हणून गेला: द्रव्य. पुढे १५६७ मध्ये त्याने सफाईही दिली की शरीर-मनाचा कच्चा माल तोच राहतो, पण त्याला माणूसपण देणारं रूप देवाच्या प्रतिमेचं होतं, ते सैतानाच्या प्रतिमेचं झालं. कुणी ऐकलं नाही. जुने साथीदारही दुरावले, आणि गावोगाव आसरा शोधत १५७५ मध्ये तो फ्रँकफर्टला वारला.

दोनच वर्षांनी, १५७७ च्या ‘एकमताच्या सूत्रा’त, ल्यूथरपंथीयांनी त्याचं मत चार कसोट्यांवर घासलं. निर्मिती: आजही प्रत्येक मूल देवच घडवतो, माणसाचं द्रव्यच पाप असेल, तर देव पाप घडवतो किंवा सैतान निर्माता ठरतो. तारण: ख्रिस्ताने आपला मनुष्यस्वभाव घेतला पण पाप घेतलं नाही, दोन्ही एकच असतील तर हे वाक्यच उभं राहत नाही. पवित्रीकरण: बाप्तिस्म्याने माणूस धुतला जातो, पाप धुऊन पवित्र होत नाही. पुनरुत्थान: हाच देह उठणार, तो आणि पाप एकच असतील तर पापही स्वर्गात जाणार. आणि गंमत म्हणजे याच सूत्राने लसणाचा दृष्टान्तही फेटाळला, कारण रस वरूनच लागलेला असतो. सूत्राच्या मते बिघाड इतका खोल की माणूस आणि पाप यांना वेगळं करणं एकट्या देवाला जमतं, तेही मरणानंतर पुरतं. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हे त्यांनी अक्षरशः मानलं. तरी खोड वेगळी, जिता वेगळा.

‘रोमने माणूस चांगला मानला’ हे तर ट्रेंटच्या धर्मसभेची, म्हणजे सुधारकांना कॅथलिक चर्चने दिलेल्या उत्तराची, कलमं न वाचता केलेलं विधान आहे. जानेवारी १५४७ च्या ठरावाचं पहिलंच कलम कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं म्हणणाऱ्याला शाप देतं. इच्छेची शक्ती क्षीण झाली, ती कलली, पण विझली नाही, असं तिथे म्हटलं आहे. खरी फाटाफूट एका मुद्द्यावर आहे: बाप्तिस्म्यानंतर उरणाऱ्या वासनेला काय म्हणायचं? ट्रेंट (जून १५४६) म्हणतं, ती पापातून आली आणि पापाकडे ओढते, पण स्वतः पाप नाही. ल्यूथर म्हणतो, पापच, फक्त हिशेबात धरलं जात नाही. सगळं भांडण या उरलेल्या गाळावर आहे. रोमच्या आतही एकमत नव्हतं. ख्रिस्ती नसलेल्यांचं प्रत्येक कर्म पापच, असं म्हणणारा लूव्हें विद्यापीठातला धर्मपंडित बायस कॅथलिकच होता. पोपने १५६७ मध्ये त्याची विधानं फेटाळली.

स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तला आदाम तुम्ही जाता जाता कॅल्व्हिनच्या खात्यात टाकलात. ते गोव्यातल्या राशोलला १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि लिहिणारा जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचा पाद्री. तो आदाम वाचायचा तर ट्रेंटच्या चौकटीत वाचा.

राहिलं शीर्षक. ‘माणूस मुळातच पापी’ कानाला छान लागतं. पण ‘मुळातच’ म्हणजे घडणीतच, आणि वायमारला फ्लाकियसच्या तोंडून निसटलं ते हेच. ल्यूथरपंथीयांनी जे चार कसोट्या लावून मोडीत काढलं, ते त्यांच्यावरच्या लेखाच्या माथ्यावर कसं चढवू? शीर्षक आहे तेच राहील.