सातबारा कोणाच्या नावावर?

आमच्या येसराची वेबसाइट बंद पडल्याची बातमी मला पुण्याच्या मामेसासूबाईंकडून कळावी, हे दुःख वेबसाइट बंद पडल्याच्या दुःखाहून मोठे आहे. लातूरचे येसर आणि काळा मसाला जिथे दिसायला हवा, तिथे वजन कमी करण्याच्या जाहिराती दिसत आहेत, असे त्यांनी सकाळी सात वाजता फोनवर सांगितले आणि 'धंदा बदललात का?' अशी मायेने चौकशीही केली.

मी तसाच सल्लागाराकडे गेलो. त्याचे कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग. वेबसाइट करताना त्याने १८,००० रुपये घेतले होते आणि पुढे दरवर्षी ६,००० रुपये 'मेंटेनन्स' म्हणून. त्यात तो नेमके काय करतो, हे मी कधी विचारले नाही, कारण भटजींनाही आपण मंत्रांचा अर्थ विचारत नाही. मात्र 'दिवाळीनिमित्त खास सवलत' ही पाटी तीन उन्हाळे तशीच होती आणि येसर म्हणून छापलेला फोटो सांबार मसाल्याचा होता, एवढे मला माहीत होते.

"डोमेनची मुदत संपली आहे, सर. रिन्यूअलचा मेल आला असेल, पण तो माझ्या जुन्या आयडीवर," तो म्हणाला.

"माझ्या वेबसाइटचा मेल तुमच्या आयडीवर कसा?"

"रजिस्ट्रेशन माझ्या नावावर आहे ना, सर. सोयीसाठी."

कोपऱ्यात पीकविम्याचा अर्ज भरायला आलेले एक निवृत्त तलाठी बसले होते. तासभर सर्व्हरची वाट पाहून कंटाळलेल्या त्या आप्पांना आता कुठे ओळखीचा विषय सापडला. धोतर सावरून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे सातबारा ह्याच्या नावावर? आणि पैसे कोण भरायलंय?"

"मी."

"मग हे कूळ आहे की मालक?"

सल्लागाराने समजावून सांगण्याचा प्रयत्न केला की डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा, आणि दोन्ही वेगवेगळे असतात. आप्पांनी त्याला हाताने थांबवले. "जमीन आणि वाडा. पुढं बोला. जमीन कायमची?"

"नाही, वर्षाच्या कराराने. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते."

"आणि करार संपला, की?"

इथे त्या मुलाने, मान्य करायला हवे, कामाची माहिती दिली. डॉट कॉमचे नाव असेल तर मुदत संपल्यावर बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून ते सोडवता येते. मग ५ दिवसांनी नाव मोकळे होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. आमची मुदत संपून १२ दिवसच झाले होते.

"म्हणजे अजून लिलाव निघाला नाही," आप्पा माझ्याकडे वळले. "रडायलाव कशाला? पण ध्यानात ठेवा, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यात भल्याभल्यांच्या जमिनी गेल्या. कसणारा हा आहे. उद्या म्हणेल, माझीच."

सल्लागार हसला; मला हसू आले नाही. मागच्या वर्षी ग्राहकांना 'सुरक्षित नाही' असा इशारा दिसत होता, तेव्हा वेबसाइटच्या सुरक्षिततेचे, ९० दिवसांनी संपणारे फुकटचे प्रमाणपत्र आपोआप नवे होण्याची सोय करून ठेवण्याऐवजी यानेच माझ्याकडून वेगळे २,००० रुपये घेतले होते. बॅकअप आहे का, असे विचारले तेव्हा 'असेल, सर' हे उत्तर मिळाले. असेल! लोणच्याच्या बरण्यांचीही नोंद वहीत ठेवणाऱ्या आमच्या घरात, लॉगिन आणि पासवर्ड मात्र कोणाच्याच वहीत नव्हते.

पैसे मी तिथेच भरले आणि नोंदणी माझ्या नावावर, माझ्या मेलवर करण्यास सांगितले. त्यासाठीचा ओटीपी त्याच्या ज्या क्रमांकावर जातो, त्याचे रिचार्ज संपलेले होते. तेही मीच केले.

"फेरफाराला १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी," आप्पांनी बजावले आणि मग आवाज खाली आणून विचारले, "ते येसर पाव किलो केवढ्याला देता?"

"वेबसाइटवर सगळे दर आहेत," माझ्या तोंडून सवयीने निघून गेले.