तेंदूच्या दिवसांतली इंटर्नशिप

मागच्या वर्षी एका ग्रुपवर जंगल इंटर्नशिपचं पोस्टर आलं. मे महिन्याचे ३० दिवस, राहण्या-जेवणाचा खर्च आपला आपण करायचा, शेवटी सर्टिफिकेट. मी ते लगेच माझ्या सेकंड इयरच्या एका विद्यार्थिनीला पाठवलं, कारण तिच्याइतकी झाडं ओळखणारी मुलगी माझ्या वर्गात दुसरी नाही, साल बघून धावडा की येन सांगते, पान हातात घ्यायची गरज पडत नाही. पाच मिनिटांत तिचा फोन. "मॅडम, मे मध्ये कशी जाऊ, पत्त्याचे दिवस आहेत ना."

पत्ता म्हणजे तेंदूपत्ता, बिडी वळायची पानं. ज्यांनी गडचिरोलीतला मे महिना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंधारातच घरातले सगळे जंगलात निघतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून गाठोडी डोक्यावर घेऊन घरी येतात, मग दुपारभर म्हातारीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे सावलीत बसून पुडे बांधतात, ७० पानांचा एक पुडा, आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून देतात. हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा. वळवाचा पाऊस किंवा गारा आल्या की पानं खराब, खेळ खल्लास. पण त्या तेवढ्याच दिवसांत घरात जो रोख पैसा येतो त्यात पोरांची फी, खत-बियाणं, दवाखान्याची उधारी, सगळं बसवायचं असतं. आता अशा घरातल्या मुलीला आपण सांगतोय की तू ते दोन हात घरातून काढून घे, वर खानावळीचे पैसे भर आणि जंगल वाचवायला ये. ती जंगलातच आहे हो, पहाटे चारपासून!

मला यात पोस्टर काढणाऱ्यांचा दुष्टावा वाटत नाही, त्यांच्या डोक्यात मे म्हणजे सुट्टी एवढंच असतं. पण कॅलेंडर शहराचं आणि जंगल गावाचं असं झालं की शेवटी येतात कोण, तर ज्यांच्या आईवडिलांना महिनाभराचा खर्च झेपतो ती मुलं. चांगली असतात, मनापासून काम करतात, मी स्वतः त्यातलीच. आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतंय.

मी नागपूरला एम.एस्सी. करत असताना अशीच एका संस्थेकडून गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या बाजूला महिनाभर गेले होते. प्लॉट म्हणजे मोजणीचे चौकोन आखायचे, प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर टेपने मोजायचा, नाव लिहायचं. टेपचं दुसरं टोक धरायला गावातला एक मुलगा रोज यायचा, माझ्याच वयाचा. तो गोंडीतून नाव सांगायचा, मी त्याचं लॅटिन नाव शोधून वहीत लिहायची, म्हणजे खरं ओळखण्याचं काम तो करत होता. रिपोर्टमध्ये त्याचं नाव नाही, त्याला मजुरीही मिळाली नाही. तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही, आज फार खटकतं.

चारेक वर्षांनी मी शिक्षिका म्हणून याच जिल्ह्यात आले. त्या गावाला तोवर सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा कायदेशीर हक्क, मिळाला होता आणि ते जंगल कसं सांभाळायचं याचा व्यवस्थापन आराखडा करायचं चाललं होतं. मला बघून गावातले एक काका म्हणाले, "तुम्ही त्या वर्षी झाडं मोजून नेली होती, तो कागद पाहिजे होता आम्हाला." मी खूप शोधाशोध केली. संस्थेचं ऑफिस बदललेलं, तिथे कॉपी नाही, आणि माझ्याकडची फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. गावाने सगळं परत मोजलं. एका महिन्याचं काम, त्या मुलाचा महिना आणि माझा महिना, कोणाच्याच हाती लागला नाही. काका रागावले नाहीत, "ठीक आहे, आता आपलंच आपण मोजू" म्हणाले. तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

आता हे आराखड्याचं काम काय आहे ते बघा, कारण खरी इंटर्नशिप तिथे आहे असं माझं ठाम मत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला नुसतं मोह-डिंक गोळा करायचा हक्क नाही दिला, जंगल राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा हक्क दिला, आणि नियमांत ग्रामसभेने त्यासाठी समिती करून आराखडा बनवावा असंही आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर हा हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी हक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, म्हणजे आपला बांबू आपणच विकता येऊ लागला. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट चालायचे, गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून आपल्याच जंगलाचा अभ्यास करायचे. आज गडचिरोलीत हजारावर गावांकडे असे हक्क आहेत. एवढ्या गावांत झाडं मोजायची, नकाशे करायचे, नोंदवह्या ठेवायच्या, दर दोन-तीन वर्षांनी परत मोजायचं, हे करणार कोण? गावातलीच कॉलेजला जाणारी पोरं, दुसरं कोण!

एक उदाहरण देते. मोहाचं झाड तोडत नाहीत, पण मोहाखाली नवीन रोपं फार कमी दिसतात. कारण सरळ आहे, मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रभर टपटप पडतात, पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळतात, त्यात लहान रोपं जातात, कधी आग पसरून वणवा होतो. पुढे बियाही तेलासाठी वेचल्या जातात. काही गावांत आता झाडाखाली हिरवी जाळी बांधतात, फुलं जाळीत पडतात, स्वच्छ राहतात, पाला जाळावा लागत नाही. आता जाळी लावल्याने रोपं खरंच वाढली का, किती वाढली, हे कोणीतरी दर वर्षी त्याच झाडाखाली बसून मोजलं पाहिजे की नाही? वणव्याचंही तसंच. उपग्रहाचा अलर्ट येतो पण त्यातला एक ठिपका ३७५ मीटरचा चौकोन असतो, आत नेमकं काय जळलं, मोहाखालचा पाला की तेंदूची झुडपं की बांबूचं रान, हे चालत जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. बाहेरचा इंटर्न हे एकदा करून जाईल. त्याच गावची मुलगी पाच वर्षं करेल.

मागच्या जूनमध्ये मी त्या फोनवाल्या मुलीसह तिच्या वर्गातल्या चौघांना घेऊन असंच केलं, पत्ता संपल्यावर, पहिल्या पावसानंतर. कामाची वेळ पहाटे साडेपाच ते दहा, वाघाचा वावर आहे म्हणून कोणी एकटं जायचं नाही, त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला आदल्या दिवशी कळवायचं. एका जळलेल्या मोहाखाली आम्ही चौकोन आखला, तासभर गुडघ्यावर बसून शोधलं, काळी राख आणि तरोटा सोडून काही नाही. पलीकडे जाळीवाल्या झाडाखाली पाल्यात बोट घातलं तर मोहाची बोटभर उंचीची रोपं, मागच्या वर्षीची, तांबूस कोवळ्या पानांची. त्या मुलीने आधी चप्पल काढली, मग मोजायला बसली. मी काही बोलले नाही. नोंदवह्या दोन केल्या, एक कॉलेजला आणि एक ग्रामसभेत, मराठीत, आणि झाडांची नावं गोंडीतही.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. तारखा हलवा. एम.एस्सी.ची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचा अभ्यासक्रम) चार क्रेडिटची आहे, तास भरले म्हणजे झालं, ते सलग मे मध्येच का भरायचे, थोडे मोहाच्या वेळी, थोडे जूनमध्ये, थोडे दिवाळीनंतर भरता येतील, विद्यापीठांनी एवढी मोकळीक दिलीच पाहिजे. आणि पैसे द्या. वनमजुराला जो रोज (दिवसाची मजुरी) मिळतो त्यापेक्षा कमी नको. "शिकायला मिळतंय ना, पैसे कशाला" हे मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ते बोलणाऱ्याच्या घरी पत्त्याच्या पैशावर फी भरली गेलेली नसते. मोजणी हे काम आहे, ते जंगलाच्या उपयोगाचं आहे, त्याची मजुरी असते. काही ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात, त्यातून थोडी रक्कम अशा मोजणीसाठी ठेवायला त्या तयार होतात असा माझा अनुभव आहे, मग संस्था आणि सरकारी खात्यांनी मागे का राहावं?

शहरातल्या मुलांनी येऊ नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. या, जरूर या. फक्त गावातला मुलगा टेप धरणारा आणि आपण लिहिणारे अशी वाटणी करू नका, दोघांनी लिहा, दोघांची नावं टाका, आणि निघण्याआधी ग्रामसभेत बसून वाचून दाखवा. लोक प्रश्न विचारतील, चुका काढतील, बऱ्याच वेळा ते बरोबर असतात.

ज्यांच्या संस्था उन्हाळी इंटर्नशिप चालवतात त्यांनी पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवायच्या आधी मला मेसेज करा. ती मुलगी आता थर्ड इयरला आहे, जूनची दुसरी मोजणी तीच करणार आहे, आणि तिच्याबरोबर यायला फर्स्ट इयरची सहा मुलं नाव देऊन बसली आहेत. सहा जणांचा रोज कुठून आणायचा ते मी शोधतेय.