दार लावू नकोस, आत्या

पाच मुद्द्यांचा मेसेज आहे, वर मोठ्या अक्षरात ‘व्यसन हा आजार नाही, डॉक्टरांचा धंदा आहे’. काल आत्यानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘शनिवार-रविवार सुट्टी आहे, करून बघू का रे?’ करून बघायचं म्हणजे माझ्या आतेभावाला खोलीत कोंडायचं. तो कित्येक वर्षं रोज पितो. एरवी असले फॉरवर्ड मी न वाचता पुसतो, पण याला उत्तर देणं भाग आहे.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण तो माणूस मारू शकतो. ‘दारू एका झटक्यात बंद करा. तीन दिवस खोलीत ठेवा. थरथरेल, घामाघूम होईल, बरळेल. घाबरू नका, विष बाहेर पडतंय. चौथ्या दिवशी माणूस स्वच्छ.’

कसलं विष? बरळणं सुरू होतं तोवर रक्तात दारू जवळपास उरलेलीच नसते. दारू मेंदूला मंदावते. रोज ढोसत गेलं की मेंदू त्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो: मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाची यंत्रणा ढिली पडते, चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ची वाढते. रस्सीखेचीत समोरच्यानं अचानक दोर सोडला तर काय होतं, तेच इथं होतं. पहिल्या दिवसात थरथर, घाम, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ होतो: नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब सुटतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. मेसेजवाल्यानं दार बंद ठेवायला सांगितलेत ते नेमके हेच तीन दिवस!

सगळ्यांनाच हे होतं असं नाही, कित्येकांचं थरथरण्यावर निभावतं. पण सकाळी पहिला घोट पोटात जाईपर्यंत ज्याचे हात स्थिर होत नाहीत, किंवा पूर्वी दारू तोडल्यावर ज्याला फिट आली होती, त्याच्यावर हा प्रयोग करायचा नाही. डॉक्टर अशा वेळी डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन काही दिवसांत त्याचा डोस उतरवत नेतात. सोबत थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या कमतरतेनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यात चमत्कार काही नाही. जुनं, रुळलेलं काम आहे, फक्त कुणीतरी नाडी-रक्तदाब बघत बसावं लागतं. कडी लावलेल्या दाराबाहेरून ते होत नाही.

तिसरा मुद्दा: ‘जेवणात नकळत मिसळायची पावडर.’ ती एकतर नुसती भुकटी असते, किंवा तिच्यात डायसल्फिराम असतं, आणि मग भीती वेगळी. 1948 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दारूवरचं औषध म्हणून पुढे आणलेलं हे रसायन दारू पचवणारी एक पायरी अडवतं. मग घोटभर दारूनंही चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. जाणूनबुजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला ती स्वतःवरचा पहारा म्हणून उपयोगी पडते. नकळत देणं हा सापळा आहे, आणि आत्या, तो लावणारी तू असशील.

पहिला मुद्दा, ‘मन घट्ट केलं की सुटतं.’ यात अर्धं सत्य आहे, कबूल. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेनं पाठपुरावा केला, तेव्हा परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम 5 टक्के पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. म्हणजे आपणहून सुटणारेही असतात. पण त्या सैनिकांचा देशच बदलला होता. जो रोज त्याच खोलीत, त्याच मित्रांत, त्याच बाटलीसमोर बसतो, त्याच्या मेंदूत ओढ लावणाऱ्या डोपामिन या रसायनाची गणितं बिघडलेली असतात आणि ‘आता नको’ म्हणणारा पुढचा भाग दुबळा झालेला असतो. निग्रह करायचा तो त्याच मेंदूनं. शिवाय व्यसनाकडे ओढलं जाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. आजार म्हटलं की जबाबदारी संपते असंही नाही, उपचाराला त्यालाच जायचंय.

चौथा, ‘गोळ्या म्हणजे नवं व्यसन.’ दारू सुटायला मदत करणाऱ्या नॅलट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट या औषधांची नशाच होत नाही. हेरॉइनसारख्या व्यसनावरच्या मेथाडोन-बुप्रेनॉर्फिन या औषधांची शरीराला सवय लागते हे खरं, पण ती चालू असताना मृत्यू खूप कमी होतात. 2005 पासून ती दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पुढे.

पाचवा: ‘पुन्हा प्यायला तर पैसे वाया, सोडून द्या त्याला.’ यावर मॅकलेलन या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातला 2000 सालचा लेख पुरेसा आहे. उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक पुन्हा नशेकडे वळतात. दमा आणि उच्च रक्तदाबाच्या 50 ते 70 टक्के रुग्णांचा त्रासही दरवर्षी पुन्हा डॉक्टर गाठावा लागेल इतका उलटतो. तिथं ‘सोडून द्या त्याला’ कोण म्हणतं? औषध बदलतात, डोस बदलतात, समुपदेशन किंवा स्वमदत गट जोडून बघतात. हेरॉइनसारख्या नशेत तर सोडून देणं सर्वांत घातक, कारण खंड पडल्यावर सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनाच डोस जीव घेतो.

आत्याला फोनवर एवढंच विचारलं, सकाळी त्याचे हात थरथरतात का? ‘हो, चहाचा कपसुद्धा धरवत नाही रे.’ मग मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि तोवर एकदम तोडू नको म्हणून त्यालाच स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, कोंडणार नसाल तर येतो.

मेसेज मात्र आत्यानं आधीच तीन ग्रुपांवर टाकला होता. पुसून टाक म्हटलं, तर आता पुसता येत नव्हता. मग तिनं त्याच्याखाली तिन्हीकडे लिहिलं, ‘क्र. 2 करू नये. आधी डॉक्टरांना विचारणे.’