पराचा नाही, धुळीचा कावळा

डिचोलीच्या वाचकमित्रांस,

‘तिनसांजेचे कावळे’ या माझ्या फोटोंखालची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. चार ओळींचं तिखट उत्तर लिहूनही झालं होतं. मग फोटो पुन्हा उघडून बसलो आणि ते उत्तर पुसून टाकलं. म्हणून हे तीन आठवडे उशिरा, आणि जरा लांबलचक.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं म्हणणं असं की रायबंदरच्या बांधावरून काढलेला तो मोठा फोटो एका क्षणाचा नाही, चार-पाच फोटो एकमेकांवर चढवले आहेत. काही ठिपके तर कावळे वाटतच नाहीत. पाण्यावरचा गुलाबी रंग संगणकावर भरलेला आहे. निजायला येणारे कावळे असे सगळे एकदम हवेत नसतात, तेव्हा मी त्यांना हुसकावलं असणार. ‘हजारो कावळे’ ही तर शुद्ध थाप, कारण तुमच्याकडे म्हाळाच्या दिवशी पान ठेवून तासभर वाट पाहिली तरी एक कावळा फिरकला नाही. आणि गोव्यात चारशेहून जास्त जातींचे पक्षी असताना या उपद्रवी पाखरावर इतकी मेहनत कशाला? ‘पराचा कावळा म्हणतात तो हाच’ असं लिहून तुम्ही समारोप केलात.

पराचा नाही, पण धुळीचा कावळा मी केलाय. ते आधी कबूल करतो.

त्या संध्याकाळचे सगळे फोटो ओळीने लावून पाहिले. सुरुवातीचे अकरा सूर्य बुडायच्या आधीचे. त्यांत डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक कावळा आहे. बरा आहे, जरा गुबगुबीत. अकराही फोटोंत तो तिथेच आहे. बाकीचे कावळे उडून पुढे गेले, घारी आल्या नि गेल्या, हा पठ्ठ्या जागचा हलत नाही. सूर्य चौकटीत घ्यायचा म्हणून मी लेन्सचं छिद्र एफ 16 इतकं बारीक ठेवलं होतं, आणि छिद्र बारीक केलं की सेन्सरवर बसलेला धुळीचा कण ठसठशीत उमटतो. असा तो कण मी कावळा म्हणून छापला. एका वाचकाने खाली लिहिलंय, ‘वर एकटा पडलेला तो कावळा मनाला भिडला.’ त्यांची मी वेगळी माफी मागितली आहे.

मोठा फोटो मात्र एकच आहे, एका दाबात काढलेला. सूर्य बुडून आठ-दहा मिनिटं झाली होती. शटर सेकंदाचा हजारावा भाग, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 3200, छिद्र एफ 5.6. तरी तुम्हाला तो जोडकाम का वाटला हे मला कळतं. मी खारफुटीपासून बराच लांब, बांधावर होतो आणि लेन्स 400 मिलिमीटरची. इतक्या लांबून पाहिलं की पुढचा कावळा आणि त्याच्या मागे शंभर मीटरवर असलेला कावळा पंखाला पंख लावून उडताना दिसतात. नाक्यावर उभं राहून रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं तर विजेचे खांब एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यातलीच ही गत. आभाळ तेवढंच, कावळे तेवढेच, मधली हवा तेवढी गायब होते. तुम्ही बांधावर उभे असता तर तुम्हाला गर्दी दिसली नसती, विखुरलेली ये-जा दिसली असती. फोटो खोटा नाही, पण तुमच्या डोळ्यांनी दिसलं असतं तेही त्यात नाही. दोन्ही खरं आहे.

गुलाबी रंगाचं उत्तर सोपं आहे. तो सूर्याचा नाही आणि माझाही नाही, कॅसिनोचा आहे. मांडवीत नांगरून ठेवलेल्या त्या बोटींचे दिवे तिनसांजेला लागतात आणि पुलांच्या अलीकडे पाण्यावर त्यांचा पट्टा पसरतो. मी तो पुसायला हवा होता का? मनात आलं होतं. पण खारफुटी, कावळे आणि कॅसिनोचा गुलाबी, हीच तर पणजीची आत्ताची संध्याकाळ.

जे कधी तिथे थांबले नसतील त्यांच्यासाठी थोडं त्या वेळेबद्दल लिहितो. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला पणजी-रायबंदर बांध आपण रोज गाडीने ओलांडतो, थांबत कुणी नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. पाचपासूनच कावळे येऊ लागतात, पण थेट झोपायला जात नाहीत. आधी तारांवर, पत्र्यांवर, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर जमतात. मालीमच्या मासेमारीच्या जेट्टीकडून येणारे पाण्याच्या अगदी लगत, ओळीने येतात. एक माझ्यापासून हात-दोन हातांवर बांधाच्या कठड्यावर उतरला. गळा फुगलेला, चोचीच्या कोपऱ्यात माशाचा एक खवला चिकटलेला. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, मग चोच दगडावर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घासली. आमच्या मार्केटातली नुस्तेकान्न, म्हणजे मासळीवाली, कोयतीला धार काढते तसं. खवला काही गेला नाही. तो तसाच उडून गेला.

सूर्य बुडाला की घाई सुरू होते. कावळ्यांची आणि फोटो काढणाऱ्याचीही. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा, आणि तेवढ्यात उजेड शंभराव्या हिश्श्याच्याही खाली येतो. म्हणजे दर तीन-चार मिनिटांनी तो निम्मा होतो. हाताशी असलेली आकडेमोड तीन मिनिटांत शिळी. कॅमेरा आपल्या बुद्धीने मोजू लागला तर काळ्या कावळ्यांनी भरलेली चौकट पाहून उजेड वाढवतो आणि आभाळ दुधाळ करून टाकतो. मग आभाळाचं माप घ्यायचं, कावळ्यांना काळं होऊ द्यायचं. शेवटी फोकसही पकडत नाही, लेन्स मागेपुढे नुसती कण्हत राहते. तेव्हा मी शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणतो आणि कावळ्यांच्या रेघा ओढू देतो. त्या संचातला शेवटून दुसरा फोटो तसा आहे. तो तुम्हाला ‘हललेला’ वाटला. हललेलाच आहे, मुद्दाम.

आणि मग गप्प होतात. तासभर कावळ्यांची शाळा भरलेली, फांदीसाठी ढकलाढकली, हा सरकतो म्हणून तो उडतो, तो उडाला म्हणून दहा उडतात. वटवाघळं उलट्या दिशेने बाहेर पडायला लागतात त्या सुमारास केव्हातरी आवाज विरतो. घरी आई विचारते, ‘तिनसांजेचो खंय भोंवता रे?’ काय सांगणार तिला.

आता तुमचा सगळ्यात बोचरा मुद्दा, हुसकावण्याचा. मी हुसकावलं नाही. फ्लॅश वापरत नाही, ड्रोन माझ्याकडे नाही, खारफुटीत पायही टाकला नव्हता. पण सगळे एकदम हवेत नसतात हे तुमचं निरीक्षण अचूक आहे. तसे ते आपणहूनही एखाद-दोनदा उठतात, पण त्या संध्याकाळी उठले ते फटाक्यांनी. पलीकडे कुठल्याशा चॅपेलात फेस्त होतं, माळ लागली आणि अख्खी खारफुटी वर आली. माझं बोट बटणावर होतं, मी दाबलं. मला तो फोटो नशिबाने मिळाला आणि कावळ्यांना तो त्रास झाला. अंधार पडत असताना उठवलेल्या कावळ्याला पुन्हा फांदी शोधावी लागते, पुन्हा भांडावं लागतं. फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘निजण्यापूर्वीचा शेवटचा फेर’. ऐकायला गोड, पण तो फेर नव्हता, दचकणं होतं. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

‘हजारो’वर तर मी स्वतःच अडकलो. मोजलं होतं का? नव्हतं. मग या जानेवारीत तीन संध्याकाळी कॅमेरा घरी ठेवून वही घेऊन बसलो. दिव्याचा एक खांब आणि त्याच्या उजवीकडचा माड, या दोघांच्या मधून जाणारा प्रत्येक कावळा मोजायचा, दहा-दहा मिनिटांचे रकाने करून. पाच कावळ्यांपर्यंत सोपं असतं. पंधराचा थवा आला की डोळा एक घास घेतो आणि त्याला ‘पंधरा’ म्हणतो, तो अठराही असेल. मोठी अडचण म्हणजे ते परत जातात. आत गेलेले वीस पाच मिनिटांत बाहेर येतात, पुन्हा आत जातात, आणि वहीत चाळीस होतात. पहिल्या दिवशी परतणारे वजा करायचं सुचलंच नाही, तो आकडा फेकून दिला. दुसऱ्या दिवशी 870 भरले, तिसऱ्या दिवशी 1,140. काळोखात आलेले सुटले ते वेगळे. म्हणजे ‘हजारभर’ म्हणायला हरकत नाही, ‘हजारो’ म्हणायला आहे. मराठीत या दोन शब्दांत फक्त शेवट वेगळा, पण मी त्या शेवटाने कावळे दुप्पट-तिप्पट केले. फोटोखालची ओळ बदलली आहे.

पण म्हाळाच्या पानावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. रात्रीच्या झाडावरचे कावळे म्हणजे त्या जागेचे कावळे नव्हेत. कित्येक किलोमीटरांच्या परिघातले दिवसभर पांगलेले कावळे तिथे एकत्र येतात. म्हार्दोळच्या जत्रेची गर्दी पाहून कुणी म्हार्दोळची लोकसंख्या ठरवत नाही. उलट दिशेनेही तेच. दुपारी बारा वाजता डिचोलीतल्या एका अंगणात कावळा आला नाही, यावरून कावळेच उरले नाहीत असं ठरत नाही. शिवाय या फोटोंतला आहे तो मानेला राखाडी पट्टा असलेला गावकावळा, माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर आणि मासळीवर जगणारा. तुमच्याकडे डोंगराच्या कडेला येणारा बहुतेक डोमकावळा असेल, अंगभर काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा. तो असा मोठा घोळका करण्याच्या फंदात कमी पडतो. कावळा शिवला नाही याचं दुःख मला समजतं. आमच्याकडेही वडिलांच्या दहाव्याला पाऊण तास गेला होता, आणि काका कावळ्याला सोडून वडिलांनाच समजावू लागले होते. पण तो वेगळा हिशेब आहे.

असे ते एकत्र का येतात? घुबडापासून संरक्षण हे एक कारण सांगतात. दुसरं मला जास्त आवडतं: पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी 1973 साली मांडलं की रात्रीचं झाड ही बातम्यांची जागा असते. ज्याचं पोट भरलंय त्याच्यामागून सकाळी उपाशी निघतात. यावर वाद अजून मिटलेला नाही. पण तो खवला चिकटलेला कावळा आठवला की वाटतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून मालीमला कोण कोण गेलं असेल.

‘उपद्रवी’बद्दल एवढंच. 1972च्या वन्यजीव कायद्यात कावळा पाचव्या परिशिष्टात होता, उंदीर-घुशी आणि वटवाघळांच्या पंगतीला. 2022च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच काढून टाकलं. आफ्रिकेत मात्र हाच आपला गावकावळा माणसामागून पोचला आणि तिथल्या पाखरांची अंडी-पिल्लं खाऊन मातला. केनियाने 2024 साली दहा लाख कावळे मारायचं जाहीर केलं. तेव्हा तो गुणी आहे असा माझा दावा नाही. चोडण बेटावर धीवर पक्षी टिपायला मीही जातो, पहाटे फेरीबोटीत माझ्यासारखे लांब नळीवाले आणखी चार जण असतात. कावळ्यांपाशी मी एकटा असतो. त्यात थोडा स्वार्थ आहे, नाही कशाला म्हणू.

कॅमेरा साफ करून आणलाय. कोपऱ्यातला कावळा गेला.

येत्या रविवारी पुन्हा मोजायला बसतोय. आत जाणारे आणि परत येणारे एकाच माणसाला धड मोजता येत नाहीत हे आता कळलंय. परतणारे मोजायला मला संशयी माणूस हवा आहे, आणि तुमच्याइतका संशयी दुसरा कुणी माझ्या ओळखीत नाही. सव्वापाचला या, सूर्य हल्ली सहा वीसच्या सुमाराला बुडतो. वही मी आणतो. टोपी तेवढी तुमची तुम्ही आणा, आपल्याला त्यांच्या वाटेखालीच बसायचंय.