लाकूड चिरण्याला ‘दिखावा’ म्हणणाऱ्या वाचकांस

जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बांधण्यासाठी पेअरचा (नाशपतीच्या झाडाचा) ओंडका मी स्वतः चिरतो, त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी शांत डोक्याने पुन्हा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: तयार पट्ट्या विकत मिळत असताना ओंडका आणायचा, वाळवायचा, चिरायचा हा ‘निव्वळ दिखावा’ आहे. तेवढ्या वेळात अशी दोन छोटी जहाजं बांधून होतील. निम्म्याहून जास्त लाकूड भुशात जातं. लाकडाच्या धुळीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. आणि कॅस्टेलो नावाच्या लाकडाला मी सरळ बॉक्सवुड (बारीक पोताचं, फिकट पिवळं लाकूड) म्हटलं, ते चुकीचं आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. कॅस्टेलो हे दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्याच झाडाचं लाकूड, ते खरं बॉक्सवुड नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, इथले जुने वाचक हे जाणतात.

आता ‘दिखावा’. हा शब्द लिहिताना आपण क्षणभर तरी थांबलात का? ‘मला हे अनावश्यक वाटतं’ असं लिहिता आलं असतं, त्यावर बोलताही आलं असतं. दिखावा करायला कोणी बघणारं लागतं. टोकांना मेण लावून, मध्ये काड्या घालून रचलेल्या फळ्या चार वर्षं कोपऱ्यात पडून होत्या, त्या बघायला कोण येत होतं?

मीही तयार पट्ट्यांवरच सुरुवात केली. पहिली दोन जहाजं अक्रोडाच्या विकतच्या पट्ट्यांची. तिसरं १:४८ प्रमाणात घेतलं, तेव्हा पेअरच्या पट्ट्या दोन खेपांत मागवल्या. १.६ मिमी सांगितल्या होत्या. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावला तर काही १.४, काही १.७. ०.३ मिमीचा फरक किरकोळ वाटेल, पण मूळ जहाजावर तो १४ मिमी होतो. कोणत्या जहाजावर शेजारशेजारच्या फळ्यांना असा उंबरठा असतो? मी घासून घासून सारखं केलं. पण रंगाचं काय करणार? पहिली खेप वाफवलेल्या लाकडाची, गुलाबी. दुसरी पिवळट. माझ्या जहाजाची डावी बाजू गुलाबी आहे आणि उजवी पिवळट, आणि ते अजून माझ्या कपाटात आहे. नवीन माणूस घरी आला की त्याचं पहिलं बोट तिथेच जातं. त्या दिवसापासून एका जहाजाचं लाकूड एका ओंडक्यातून, हा माझा नियम आहे. ह्याला आपण दिखावा म्हणता.

पहिला ओंडका मी वाया घालवला, तेही सांगतो. गाभा मधोमध ठेवून अख्खाच वाळत टाकला. लाकूड वाढचक्रांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या जवळपास निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे आकसतं. त्या ओढाताणीत अखंड ओंडका फुटतोच. सालीपासून गाभ्यापर्यंत एक सरळ तडा गेला आणि फासळ्यांसाठी (जहाजाच्या सांगाड्याच्या बाकदार तुकड्यांसाठी) राखलेलं सगळं लाकूड हातचं गेलं. दुसऱ्या वेळी ओला असतानाच गाभ्यातून उभा चिरला आणि टोकं त्याच दिवशी बंद केली. त्या लाकडाच्या फासळ्या कापताना लाकडाच्या तंतूंची रेषा कुठून कुठे वळते हे मी बघू शकत होतो, आणि फासळीचा बाक त्या वळणावर बसवू शकत होतो. आडव्या रेषेत कापलेली फासळी नुसत्या बोटाच्या दाबाने मोडते. तयार पट्टीत रेषा कशी येईल हे करवत चालवणारा ठरवतो, आणि त्याला तुमच्या जहाजाशी काही देणंघेणं नसतं.

लंडनमधल्या ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये १७व्या-१८व्या शतकातले ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे नमुने आहेत, त्यांतले बरेच १:४८ प्रमाणातलेच. खरी जहाजं ओकची, पण नमुन्यांना पेअर, बॉक्सवुड अशी बारीक पोताची लाकडं वापरलेली. ओकची छिद्रं ०.३ मिमीच्या आसपासची. या प्रमाणात बघितलं तर फळीभर बोटाएवढी भोकं! लाकूड निवडणं हा जहाज बांधण्याचाच भाग आहे. मी तेच करतो आहे, आणि उगाच करत नाही.

‘तेवढ्या वेळात दोन जहाजं’ या वाक्याबद्दल एवढंच की लाकूड वाळतं तेव्हा मी त्याच्यासमोर बसून राहत नाही. जाडीच्या इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशेब आहे, आणि ते वर्ष लाकडाचं असतं, माझं नव्हे. त्याच काळात माझं एक जहाज पूर्ण झालं. आपण मोजलेला वेळ नक्की कोणाचा?

भुशाचं गणित मला कोणी शिकवायची गरज नाही. ३ मिमीच्या पात्याने १.६ मिमीची पट्टी काढली तर जवळपास ६५ टक्के लाकूड भुशात जातं, हे खरं. म्हणूनच बँडसॉवर (पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर) जाड फळ्या पाडल्यावर मी ०.६ मिमीचं पातं लावतो, मग नुकसान २७ टक्क्यांवर येतं. हे त्याच लेखात, तिसऱ्या परिच्छेदात आहे. टीका करण्याआधी तो वाचला असतात तर बरं झालं असतं.

धुळीचं म्हणाल तर मी मास्क लावतो. हे कोणालाही कळतं, प्रत्येक लेखात तेच लिहीत बसणार नाही.

राहता राहिला आपला सूर. इथे येऊन कोणी वर्षानुवर्षांच्या कामाला एका शब्दात निकालात काढलं, तर मला ते लागतं आणि ते मी लपवणार नाही. आपण बांधलेलं एखादं जहाज असेल तर फोटो जरूर पाठवा, जोड कसे बसलेत ते मला खरंच बघायचं आहे. नसेल, तर आधी एक ओंडका चिरून बघा आणि मग लिहा.

आज हॉली या पांढऱ्या लाकडावर लिहायचं होतं. हिवाळ्यात तोडून लगेच वाळवली नाही तर तिचा पांढरा रंग निळसर-करडा का पडतो, आणि डेकसाठी ती कशी राखायची, हे. तो लेख आता पुढच्या आठवड्यात.