करिंथकरांच्या डोक्यावर नगरचा पदर

नगरला माझ्या भाचीने उन्हाळ्यात केस कानापर्यंत कापले आणि पुढच्याच रविवारी शास्त्रवाचनाला उभी राहिली. अंगात सलवार-कमीज, ओढणी गळ्यात, डोकं उघडं. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय वाच." त्यात येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की स्त्रीने प्रार्थनेला डोकं झाकावं, आणि लांब केस हे तिचं भूषण आहे. तिने वाचला आणि मला इंग्लंडात लेस्टरला फोन लावला. "मामा, तुमच्याकडे कसं असतं?"

आमच्याकडे सगळंच असतं. जमैकाच्या आज्या एवढ्या रुंद टोप्या घालून येतात की मागच्या बाकावरून पाळक दिसत नाहीत. नायजेरियन बायका डोक्याला कडक कापड बांधतात, त्याला 'गेले' म्हणतात. इंग्रज बायका बोडक्या डोक्याने येतात, पण त्यांच्या आज्या टोपीशिवाय चर्चची पायरी चढत नसत. 1942 साली, ऐन युद्धात, कँटरबरीच्या आर्चबिशपांना जाहीर करावं लागलं की टोपी नसली तरी स्त्रियांनी चर्चमध्ये यायला संकोचू नये. कॅथलिकांच्या 1917 च्या धर्मसंहितेत बायकांनी डोकं झाकण्याचा नियम होता, 1983 च्या संहितेत तो नाही. अध्याय मात्र सगळ्यांच्या पवित्र शास्त्रात तोच आहे.

त्या ज्येष्ठांवर माझा राग नाही. तक्रार एवढीच की त्यांनी तो अर्धा वाचला. करिंथ हे ग्रीस देशातलं, पण ज्युलियस सीझरने नव्याने वसवलेलं रोमन शहर. रोमन पुरुष यज्ञाच्या वेळी अंगावरचं वस्त्र डोक्यावर ओढून घेत. सम्राट ऑगस्टसचा तसा पुतळा करिंथमध्येच सापडला आहे. अशा गावात पौल पुरुषांना सांगतो, प्रार्थनेला डोकं झाकू नका. म्हणजे हा अध्याय पुरुषांच्याही डोक्याबद्दल आहे. शिवाय पाचव्या वचनात स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, हे पौलाने धरूनच चाललंय. चौदाव्यात तो म्हणतो की लांब केस पुरुषाला शोभत नाहीत. पण हाच पौल करिंथजवळच्या किंख्रिया बंदरात नवसापायी डोकं भादरून घेतो, म्हणजे तोवर केस वाढवले असणारच. आणि ज्याचं सगळं बळ न कापलेल्या केसांत होतं, त्या जुन्या करारातल्या शमशोनाचं काय करायचं? दहाव्या वचनातल्या "देवदूतांमुळे" या शब्दाने तर भल्याभल्या पंडितांची दांडी उडवली आहे. मी त्या वाटेला जात नाही.

माझी आजी चर्चमध्ये जसा पदर घ्यायची, अगदी तसाच सासऱ्यांसमोर घ्यायची. आमच्या घरात पदर पौलाकडून नाही, सासऱ्यांकडून आला. त्यात वाईट काही नाही, मला तो आवडतो. फक्त त्याला करिंथचा शिक्का मारू नये.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर बाईच्या केसांबद्दल बोलताना जरा जपूनच बोलावं. आपल्याकडे धर्माच्याच नावाने विधवांचं केशवपन होत होतं. सहाव्या वचनात पौल म्हणतो की स्त्रीने डोकं भादरणं लाजिरवाणं आहे. हे वचन केशवपन झालेल्या बाईला वाचून दाखवताना काय वाटलं असेल? पंडिता रमाबाईंची जुनी छायाचित्रं पाहा: पांढरी साडी, आखूड केस. त्याच रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, भाषांतर 1924 ला छापून निघालं. आखूड केसांच्या त्या बाईने हा अकरावा अध्यायही ओळीनओळ मराठीत लिहिला.

परदेशात सगळं मोकळं आहे, असं मात्र भाचीला सांगितलं नाही. पहिल्या हिवाळ्यात चर्चचं हीटिंग बंद पडलं होतं, म्हणून मी लोकरीची टोपी तशीच ठेवली. दारातल्या गृहस्थांनी हसत हसत, पण ठामपणे ती काढायला लावली. मी निमूट काढली. शास्त्राधार विचारायचं मला सुचलंही नाही.

फोन ठेवताना भाची म्हणाली, "मामा, त्या ज्येष्ठांचा नातू गायनात गिटार वाजवतो ना, तो शेंडी बांधतो. खांद्याखाली येते."

"मग? त्याला चौदावं वचन दाखवलं कोणी?"

"छे! परवा त्याला नवा माईक घेऊन दिला."